वाड्याचे दगड परसात बसवायचेत – काळ्या मातीवर फरसबंदी टिकते का?

परसातला_पारवा | ४ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. घर नाशिकला, म्हसरूळला. मागच्या दारी १५ बाय १२ फुटांचं परस आहे. चार वर्षांपूर्वी तिथं एकानं शहाबादी फरशी घालून दिली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात मधली रांग पोटात गेली, बागेकडची कड वर आली आणि पाणी बागेत जायचं सोडून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे वळलं. आता त्या भिंतीला आतून लोणा लागलाय, रंगाचे पापुद्रे रोज झाडून काढावे लागतात. मागच्या आठवड्यात सगळी फरशी उचकटली. खाली दोन बोटं वाळू आणि तिच्याखाली थेट काळी माती! बस्स, एवढंच.

त्यात एक घबाड हाती लागलं. जुन्या नाशकातला आमच्या मामांचा वाडा पाडायला काढलाय. चौकातले दगड भंगाराच्या गाडीत जाणार होते. मामी म्हणाली, तुला हवेत तर ने. सत्तरेक दगड आहेत, काळा पाषाण. वरून पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत, खालून ओबडधोबड. जाडी कुणाची दोन इंच, कुणाची पाच. एकात उखळ कोरलेलं आहे.

गवंडी म्हणतो, "साहेब, चार इंच काँक्रीट ओता, वर सिमेंटात दगड दाबा, विषय संपला." सौ. म्हणते पेव्हर ब्लॉक टाका आणि मोकळे व्हा. मला काही सुचेना. पावसाच्या आधी काम उरकायचंय.

दोन_मिसळ | ४ फेब्रुवारी

वहिनींचं ऐका. पुढचा प्रश्न?

निवृत्त_उपअभियंता | ५ फेब्रुवारी

पारवा, तुमचं वर्णन पुन्हा एकदा वाचा. मधली रांग खचली असं तुम्ही म्हणता. माझ्या मते मधली जागच्या जागी होती, कड वर उचलली गेली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. फुगते तीही सगळीकडे सारखी नाही. बागेला रोज नळी लावता, त्यामुळे त्या कडेची माती ओली होऊन फुगली. फरशीच्या मध्यभागाखाली पाणी तितकं पोचलंच नाही. बागेची बाजू उंच झाली की पाणी घराकडे येणारच.

आता चार इंच काँक्रीटचं. सळई नसलेली ती पाटी अशा मातीवर ठेवली तर माती तिलाही उचलणार. पाटी तडकेल, आणि जिथं ती तडकेल तिथं वरचा दगडही तडकेल किंवा सांधा उघडेल. मग दुरुस्तीला ब्रेकर आणावा लागतो. काँक्रीट वाईट असं मी म्हणत नाही, पण काळी माती न काढता ओतलेलं काँक्रीट म्हणजे पैसे पुरणं.

माती निदान सव्वा फूट काढा. तेवढ्यानं खालची माती फुगायची थांबत नाही, पण वरच्या भरावाचं वजन आणि जाडी तिची हालचाल पुष्कळ पचवते.

थापी_रंधा | ५ फेब्रुवारी

भाऊ, माझे वडील चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते. मी सातपूरला कंपनीत आहे, पण रविवारी थापी हातात घेतल्याशिवाय करमत नाही. साहेबांचं मातीचं म्हणणं शंभर टक्के. पण सिमेंटाशिवाय फरशी म्हणजे मला पटत नाही. सांधे मोकळे राहिले की मुंग्या वाळू उपसतात, गवत उगवतं, दोन वर्षांत दगड डुगडुगतो. दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटनं भरल्याच पाहिजेत.

पागोळी | ५ फेब्रुवारी

सिमेंटवाल्यांनी माझी कथा ऐका. इंदिरानगरला आमच्या मागच्या ओट्यापुढे कोटा घातला. मी ऑफिसात, घरी सासूबाई. मिस्त्रीनं प्रत्येक फरशीखाली सिमेंट-वाळूच्या मालाचे पाच गोळे ठेवले, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि वरून फरशी थोपटून बसवली. दिसायला एकदम सुरेख. सहा महिन्यांनी गॅस सिलिंडर ठेवला तर कोपरा काड्‌कन मोडला. नंतर नाण्यानं ठोकत फिरले, निम्म्या फरश्या बद्द वाजत होत्या. त्या पोकळीत पावसाचं पाणी साठायचं आणि सांध्यांतून पांढरा खार वर यायचा. माल फरशीच्या पूर्ण तळाला लागला पाहिजे. बसवताना अधूनमधून एखादी उचलून उलटी करून बघा. तळ सगळीकडे मालानं माखलेला दिसला तरच पुढची.

वर कडी म्हणजे सिमेंटचे डाग घालवायला त्यानं ॲसिड ओतलं. कोटा, शहाबाद, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलं की पांढरा डाग पडतो ना, तोच प्रकार अख्ख्या अंगणभर. चकाकी गेली ती गेलीच. डाग ओले असतानाच गोणपाटानं पुसले असते तर हे घडलंच नसतं.

स्फटिकवेडा | ६ फेब्रुवारी

दगडाबद्दल दोन शब्द, कारण इथं सगळे माल आणि मातीवरच बोलताहेत. काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण तो सगळा एका गुणाचा नसतो. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि पुढे त्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे जे बघतो तेच. कपाटात ठेवायला फार देखणे, पण पायाखाली नकोत. असा दगड आधी झिजतो, स्फटिक निघून खड्डे पडतात.

पारवा, दगड उभा धरून हातोडीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर उत्तम. भद्द आवाज आला किंवा पांढरे ठिपके दाट दिसले तर तो कडेला, कुंडीखाली वगैरे वापरा. काळाराम मंदिर याच जातीच्या काळ्या दगडाचं, अठराव्या शतकाच्या अखेरीचं. त्याचे कोपरे अजून बघा.

देवळालीचा_वारा | ६ फेब्रुवारी

आणि एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता त्याच काळारामाच्या आवारात अनवाणी चालून बघा. 😄 काळा दगड तापतो हो. शहाबादी करडी असते, तिला निदान पाय टेकवतो. सावली आहे का परसात?

परसातला_पारवा | ६ फेब्रुवारी

पश्चिमेला शेजारच्यांचा आंबा आहे, तीननंतर सावली येते. दुपारी आम्ही कोण तिथं जाणार? संध्याकाळी चहाला बसायचंय.

दगड ठोकून पाहिले. ७२ पैकी ९ भद्द निघाले. शिवाय वाडा जुना असल्यानं काही दगडांना मागे चुन्याचा थर चिकटलेला आहे. तो काढावा का?

निवृत्त_उपअभियंता | ७ फेब्रुवारी

सुटा असेल तेवढा छिन्नीनं काढा, घट्ट असेल तो राहू द्या.

आता थापी_रंधा यांच्याशी थोडा वाद घालतो. सिमेंटात बसवायचं की कचेवर, म्हणजे क्रशरच्या बारीक खडीवर, हे दगडाच्या जाडीवर ठरवा. शहाबादी इंचभर जाड. दोन बाय दोनची फरशी पंचविसेक किलो भरते. ती मोकळ्या थरावर टाकली तर पायाखाली वाकते आणि तुटते, तिला खाली पूर्ण माल हवाच. पारवांचा दगड सरासरी तीन इंची. अडीच चौरस फुटांचा एक दगड पन्नासेक किलोचा. तो स्वतःच्या वजनानं बसून राहतो. वाड्याच्या चौकात तो इतकी वर्षं कशावर होता? मामींना विचारा, उचलताना खाली काय निघालं.

परसातला_पारवा | ८ फेब्रुवारी

विचारलं. मुरूम, त्यावर बारीक खडीसारखं काहीतरी, आणि चुना फक्त कडेच्या ओळीला. मधल्या सांध्यांत नुसती माती.

थापी_रंधा | ८ फेब्रुवारी

मग मी हरलो. 🙏 वडिलांना फोन लावला होता, तेही म्हणाले चौकातल्या जाड दगडाला आतून सिमेंट लागत नाही, कड तेवढी पक्की बांधा. पण एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली: अर्धं हे अर्धं ते करू नका. खाली मोकळी कच आणि वर सांध्यात सिमेंट, असं केलं की दगड जरासा हलला तरी दर्जा खपल्यांसारख्या निघतात. एक तर सगळं पक्कं, नाहीतर सगळं मोकळं.

गवत येईल ते येईल, उपटा.

परसातला_पारवा | ९ फेब्रुवारी

ठरलं. मोकळं. साहेब, मापं द्या ना. सामान सांगायचंय.

निवृत्त_उपअभियंता | ९ फेब्रुवारी

वरून खाली सांगतो. दगड सरासरी ३ इंच, त्याखाली कच दीड-दोन इंच, त्याखाली २० मिलिमीटर खडी कचेत मिसळून ३ इंच, त्याखाली मुरूम ८ इंच. म्हणजे खोदाई साधारण सव्वा फूट, जाड दगडांखाली किंचित जास्त.

तुमचं क्षेत्र १८० चौरस फूट. आठ इंच मुरूम दबून १२० घनफूट होतो. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून दीड ब्रास मागवा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). खडी अर्धा ब्रास. कच थरासाठी ३० घनफूट, सांध्यांना थोडी, तीही अर्धा ब्रास धरा. काळी माती सव्वादोन ब्रास निघेल, उपसल्यावर फुगून तीनच्या आसपास. कुठं टाकायची ते आधी ठरवा, नाहीतर गेट अडेल.

सारूळ, राजूर बहुलाकडच्या क्रशरची खडी-कच चालेल. फक्त कच मागताना डस्ट नको म्हणून सांगा. भुकटी पाणी धरून ठेवते आणि चिखल होते. मुरूम घेताना काचेच्या बरणीत मूठभर टाकून पाण्यात हलवा आणि रात्रभर ठेवा. वर जाड गाळ साचला तर तो मुरूम नव्हे, लाल माती आहे. परत पाठवा. भरावाच्या नावाखाली काहीही येतं.

काळी माती आणि मुरूम यांच्यामध्ये न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. नाहीतर पावसाळ्यात चिखल वर चढत मुरुमात मिसळतो.

उतार घरापासून बागेकडे. दगड ओबडधोबड आहे, म्हणून ६० ला १ धरा. बारा फुटांना साधारण अडीच इंच. आणि घराच्या बाजूला दगडाची वरची पातळी जोत्यापेक्षा सहा इंच खाली हवी. आधीच्या फरशीत किती होती?

परसातला_पारवा | ९ फेब्रुवारी

दीड इंच. 😶 आणि गच्चीच्या पाण्याचा पाईपही त्याच कोपऱ्यात उतरतो. तिथं शोषखड्डा काढू का?

निवृत्त_उपअभियंता | ९ फेब्रुवारी

काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे हौद. पाणी जिरणार नाही, साठून राहील आणि शेजारची माती फुगवेल. तो पाईप जमिनीखालून पुढच्या गटारापर्यंत न्या. बोअर असेल तर गाळण टाकी करून त्यात सोडा.

पागोळी | १० फेब्रुवारी

वाड्याचा दगड गुळगुळीत आहे म्हणता, तर पावसात शेवाळ धरल्यावर काय? घरात म्हातारं माणूस आहे का?

परसातला_पारवा | १० फेब्रुवारी

आई आहे, ७४ वर्षांची. हा विचारच केला नव्हता.

थापी_रंधा | १० फेब्रुवारी

दाराजवळच्या आणि नळाजवळच्या दगडांना टाकी लावून घ्या. पूर्वी पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला दारावर यायचे, तसेच बारीक टिपके. पाय धरतो. सगळ्या दगडांना लावू नका, वाड्याची झिलई जाईल. पाथरवट हवा, गवंड्याकडून करून घेऊ नका.

दगड कापावा लागला तर पाणी मारून कापा आणि तोंडाला नीट मास्क लावा. राजस्थानी वालुकाश्म कापणाऱ्यांना त्या धुळीनं सिलिकोसिस होतो. काळ्या पाषाणात तो धोका कमी, तरी छातीत धूळ भरून काय करायचंय?

दोन_मिसळ | १० फेब्रुवारी

एका परसासाठी एवढं? पेव्हर ब्लॉक एका दिवसात झाले असते. (वाचतोय मात्र सगळं.)

परसातला_पारवा | १६ मार्च

हालहवाल देतो. खोदाई झाली. काळी माती शेजारच्या काकूंनी वांग्यांसाठी, समोरच्यांनी कुंड्यांसाठी आणि उरलेली मखमलाबादच्या मित्रानं शेतात नेली. इतकी लोकप्रिय वस्तू मी आजवर वाटली नव्हती.

मुरुमात माझा गाढवपणा झाला. लवकर बसावा म्हणून पहिल्या थरावर तासभर नळी सोडली. मग भाड्यानं आणलेलं कॉम्पॅक्टर त्यावर नाचायला लागलं, खालून पाणी वर, पावलं रुतायला लागली. मशीनचं भाडं वाया आणि चार दिवस सुकत बसलो.

निवृत्त_उपअभियंता | १६ मार्च

मुरूम मुठीत दाबला तर गोळा वळावा, पण हाताला पाणी सुटू नये. इतकाच ओला. आणि आठ इंच एकदम नाही, चार-चार इंचांचे दोन थर.

परसातला_पारवा | ११ एप्रिल

दगड बसवायला सुरुवात केली आणि दोन दिवसांचं काम मोडलं. मी बागेच्या कडेकडून पातळ दगडांनी सुरुवात केली होती. दाराजवळ पाच इंची दगडाची वेळ आली तेव्हा त्याला खाली जागाच नाही. कचेत खणायचं तर खालची खडी उकरावी लागते.

थापी_रंधा | ११ एप्रिल

अहो, आधी विचारायचं ना! सगळे दगड जाडीप्रमाणे वेगळे मांडा, पाठीवर खडूनं इंच लिहा. सगळ्यात जाड आधी, तेही घराच्या कडेला. तिथं खडी बसवतानाच पातळी खाली घ्या. मग त्यांच्या माथ्यावरून दोरी ओढा आणि पुढचे तिला धरून न्या. प्रत्येक दगडाखाली कच वेगळी खरवडायची. दगडाचं पोट जसं असेल तसं खाली आळं करायचं आणि लाकडी मोगरीनं ठोकायचं. डुगडुगला तर उचला, ठोकून बसवायचा हट्ट करू नका.

सांधेमोड ठेवा. चार कोपरे एका ठिकाणी आले की तिथं नजर अडते आणि दगडही तिथंच आधी हलतात. सांधा बोटभर.

कडेला मात्र काँक्रीटमध्ये उभा दगड गाडा. कड सुटली की सगळं बागेत सरकतं. कॉम्पॅक्टर थेट दगडांवर फिरवू नका, कोपरे उडतील.

परसातला_पारवा | १२ एप्रिल

ते ९ भद्द दगड उभे करून कडेला लावले. कडेला तरी कामी आले.

देवळालीचा_वारा | १२ एप्रिल

उखळाचं काय ठरलं?

परसातला_पारवा | १२ एप्रिल

घरात त्यावरून जुंपली आहे. चिरंजीव म्हणतो तळाला भोक पाड, नाहीतर पाणी साचून डेंग्यूचे डास होतील. आई म्हणते उखळाला भोक पाडणारा माझ्या घरात जेवणार नाही.

पागोळी | १२ एप्रिल

चिरंजीवांचं बरोबर आहे, साचलेल्या स्वच्छ पाण्यात तो डास अंडी घालतो. पण अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो. रोज एकदा पाणी उपसलं की झालं. भोक कशाला?

परसातला_पारवा | ३ मे

बसलं सगळं! ६३ दगड आत, ९ कडेला. सांध्यांत कच झाडूनं ढकलली, पाणी शिंपडलं, पुन्हा ढकलली, असं तीन वेळा. लेव्हल पाईपनं तपासलं, घराकडून बागेकडे दोन इंच आणि एक सूत (इंचाचा आठवा भाग). जरा कमी पडलं. गच्चीचा पाईप गटारापर्यंत गेला. दाराजवळच्या चार आणि नळाजवळच्या तीन दगडांना टाकी लावून घेतली.

मामी बघायला आली होती. बोलली काहीच नाही. चपला दाराशी काढून एकेक दगडावरून चालत गेली आणि नळाजवळ थांबून म्हणाली, "हा जिन्याखालचा. याच्यावर माझं पिंप असायचं." दगडाला खरंच गोल डाग आहे. मी तो घासून काढणार होतो.

स्फटिकवेडा | ३ मे

काढू नका.

परसातला_पारवा | २४ जून

पहिला मोठा पाऊस झाला, रात्रभर. सकाळी कंदील घेऊन उभा राहावं तसा टॉर्च घेऊन मागे गेलो. घराची भिंत कोरडी. पाणी बागेकडे वाहत होतं, आणि बरंचसं सांध्यांतून खाली जात होतं. फक्त ईशान्य कोपऱ्यात ताटाएवढं डबकं. रविवारी तिथले तीन दगड पहारीनं उचकले, खाली कच भरली, पुन्हा बसवले. पाऊण तास लागला. सिमेंट असतं तर काय झालं असतं याचा विचार करत चहा प्यायलो.

सांधे मात्र दोन-चार ठिकाणी बोटभर खाली गेलेत. आत्ता भरू का?

दोन_मिसळ | २४ जून

आमच्या सोसायटीतले पेव्हर ब्लॉक कालच्या पावसात खड्ड्यात गेले. कुणी काही बोलू नका.

निवृत्त_उपअभियंता | २५ जून

आत्ता भरू नका. पहिल्या पावसाळ्यात थर अजून बसायचा आहे, आज भरलेली कच पुन्हा खाली जाईल. तोवर बागेची नळी कडेपासून दोन फूट लांब ठेवा. आणि भिंतीचा लोणा लगेच खरवडून रंगवू नका. आत मुरलेलं पाणी निघायला एक अख्खा उन्हाळा जावा लागेल.

थापी_रंधा | २५ जून

दसऱ्यानंतर भरू. कच चाळून मी घेऊन येतो, वडिलांनाही आणतो, त्यांना तो पिंपाचा दगड बघायचाय. उखळ उपसून ठेवा म्हणजे झालं.